चिचबोडीची न कुजणारी माती

सानगडीचा आठवडी बाजार जागचा उठून चिचबोडीला आला की काय, असं त्या दिवशी कोणालाही वाटलं असतं. बैलगाड्या, सायकली, दिघोरीहून फुकटात माणसं भरून आणणारा बाबूलाल शेठचा ट्रक. धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, बाया, धुऱ्यावर जागा न मिळालेले गडी मोहाच्या झाडावर. आणि एवढी सगळी माणसं पाहत होती एका खड्ड्याकडे. खड्ड्याकडे माणूस इतक्या भक्तीनं एरवी फक्त विहिरीला पाणी लागताना पाहतो.

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मृग लागून आठ दिवस झाले होते. खड्ड्याच्या काठावर अक्षयानंद महाराज उभे होते. हिमालयात बारा वर्षं तप करून ते गोंदियामार्गे आमच्याकडे आले होते. त्यांचं पोट पाहता हिमालयात धान बरं पिकत असावं.

"खोदो बेटा, खोदो! डरो मत!" महाराज म्हणाले.

यादोराव सरपंचांनी फावडं चालवलं. सरपंचांच्या हातात फावडं गावानं पहिल्यांदाच पाहिलं, म्हणजे एक चमत्कार तिथंच होऊन गेला होता. पण लोकांना दुसरा हवा होता.

चाळीस दिवसांपूर्वी महाराजांनी या खड्ड्यात सगळ्यांदेखत तीन वस्तू गाडल्या होत्या. पळसाच्या पानांची एक पत्रावळ, एक सुती लंगोट आणि एक नारळ. त्यावर रोज सकाळी कमंडलूनं पाणी घालायचे, डोळे मिटायचे आणि डोळे उघडले की चहा प्यायचे. आता त्या वस्तू वर आल्या. पत्रावळ काळी पडली होती, पण पान न् पान शाबूत, टाचलेल्या काड्यांसकट. लंगोट तर झटकून पुन्हा नेसावा असा. नारळही जसाच्या तसा. चाळीस दिवसांत नारळ कोणत्याच मातीत कुजत नाही हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण सगळ्यांत मोठा जयजयकार झाला तो नारळाचाच.

"देखा?" महाराजांनी लंगोट झेंड्यासारखा उंच धरला. "दुनियेत सगळं सडते! पान सडते, कपडा सडते, राजा सडते, भिकारी सडते. पण या मातीत काहीच सडत नाही! काहून? अरे, इथं साक्षात अक्षयामाई बसली आहे! काळाचे दात इथं येऊन तुटले! जो सडता नहीं, वही सत्य है!"

"अक्षयामाई की जय!"

"आणि ते पाण्यावर सात रंग पाहता ना? चमकतात ना? माईचं लुगडं आहे ते, वाळत घातलेलं!"

"महाराज, वास येऊन राहिला न पर. राकेलावानी." मोहाच्या झाडावरून कोणीतरी बोललं.

"राकेल नाही मूर्खा! माईच्या समईचा सुगंध आहे तो!"

एवढं ऐकल्यावर ज्यांना वास येत होता त्यांना तो आवडू लागला आणि ज्यांना येत नव्हता ते घाबरून जोरजोरानं श्वास घेऊ लागले.

ज्या बांधीत हा सोहळा चालला होता, ती होती पंचफुलाबाईची. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेला धानाचा तुकडा. पंचफुलाकडे अशा दोनच होत्या आणि ही त्यांतली मोठी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन म्हशी, दोन बांध्या आणि कोणाचं ऐकून न घेणारी जीभ, एवढी तिची इस्टेट. तीन सालांपासून या मोठ्या बांधीत धान होत नव्हतं. रोवलं की पिवळं पडायचं, मग लाल, मग नाहीसं. "पाण्यावर तेल येऊन राहिलं" असं तिनं सरपंचांना चारदा सांगितलं होतं. सरपंचांनी चारही वेळा तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं.

आता इथं एक गंमत पाहा. चिचबोडीत देवांची टंचाई कधीच नव्हती. दर दोन घरांमागे एक ओटा आणि दर ओट्यामागे एक शेंदूर लावलेला दगड. तेवढ्या भाविकांची शेतं सोडून माई प्रकटली ती कुठं, तर ज्या घरानं छप्पन साली बुद्धाला वंदन करून देव्हारा कायमचा उतरवला, नेमकी त्याच घरच्या बांधीत. देवांना पत्ता विचारत येण्याची सवय नसते हेच खरं. महाराजांकडे मात्र याचंही उत्तर तयार होतं.

"या घरानं देव सोडला. म्हणून धान गेलं. आता माई आपली जमीन परत मागते!"

यादोरावांनी ते लगेच मराठीत, म्हणजे सरकारी मराठीत, सांगितलं. श्री अक्षयामाई संस्थान स्थापन होत आहे. अध्यक्ष यादोराव, कोषाध्यक्ष बाबूलाल शेठ राइसमिलवाले. जिवतीच्या दिवशी, म्हणजे आखाडी अवसेला, पंचफुलाबाई बांधी संस्थानच्या नावावर करून देतील.

"कोण करून देईन?" धुऱ्यावरून पंचफुला ओरडली. "मले तं कोणी विचारलं नाही!"

"आता विचारून राहिलो न," यादोराव शांतपणे म्हणाले. "नाही म्हणशीन तं तुह्या दुसऱ्या बांधीले तलावाचं पाणी भेटन का नाही, ते मग पंचायतीले पाहावं लागन. तसं बी या बांधीत काही होते का तुले?"

"आज होत नाही. उद्या होईन! माही हाय न ते!"

"माई बोलली म्हणजे बोलली," बाबूलाल शेठ मधेच म्हणाले. मोठ्या नम्रपणे म्हणाले. एवढा नम्रपणा शेठच्या तोंडून गावानं कधी ऐकला नव्हता, आणि तेव्हाच कोणाला तरी शंका यायला हवी होती.

गर्दीला मात्र वेगळीच घाई होती. ते पऱ्हे टाकायचे दिवस होते. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी धानाची रोपं एका लहान तुकड्यात दाट उगवून घेतात, त्यांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. ज्याचे पऱ्हे गेले त्याचं साल गेलं. महाराजांनी नारळ फोडला आणि सांगून टाकलं, "एकेक टोपलं माईची माती घरोघर न्या. पऱ्ह्यात टाका. तुमचं धान अक्षय होईल!"

अर्ध्या तासात पंचफुलाची बांधी उंदरांनी पोखरल्यासारखी झाली. कोणी एक टोपलं नेलं, कोणी चार. जास्त श्रद्धावान जास्त नेतात. यादोरावांनी गाडीच भरली. गावात एकट्या खुशालनं माती नेली नाही. त्याला काही विचारबिचार पडला होता असं नाही. टोपलं उचलायचा कंटाळा, दुसरं काय. त्या वर्षी चिचबोडीतला सगळ्यांत शास्त्रशुद्ध निर्णय आळसानं घेतला, याची नोंद व्हावी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पंचफुला शाळेच्या पायरीवर येऊन बसली. आत सत्यभामाबाई वह्या तपासत होत्या. या अड्याळच्या. वरच्या वर्गांना विज्ञान शिकवायच्या आणि खालच्या वर्गांना नाक पुसायला.

"बाई, तुमी शिकलेल्या. मले एक सांगा. हे देवी शेण बी खात नाही का?"

"म्हणजे?"

"दोन सालांपासून मी त्या बांधीत शेणखत टाकून राहिली. काल लोकायनं माती उकरली न, तं मांगच्या सालचा शेणाचा गोळा निंगाला. जसाच्या तसा! धानाची वाळली तणस गाडली होती, ते बी तशीच. माह्या लहान्या बांधीत टाकलं तं दोन महिन्यात माती होऊन जाते. मंग इथीच काहून नाही?"

सत्यभामाबाईंनी लाल पेन खाली ठेवलं. "पंचफुलाबाई, एवढ्या गर्दीत हा प्रश्न कोणाला नाही पडला."

"त्यायले कायले पडन? शेण मी टाकलं न!"

दोघी बांधीवर गेल्या. बाईंनी मूठभर माती घेतली आणि वर पाण्याचे थेंब टाकले. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावरून ओघळतात तसे थेंब गोळा होऊन खाली पडले. माती पाणी पीतच नव्हती. बाईंनी माती नाकाशी नेली, मग पाणी बांधीत जिथून शिरत होतं त्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे पाणी येतं कुठून?"

या पाण्याचा प्रश्न तीन सालांत एकट्या पंचफुलानं काढला होता आणि त्याचं उत्तर तिला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता देऊन मिळालं होतं. आता दोघी नालीच्या काठाकाठानं वर चालत गेल्या. दोन शेतं ओलांडली, बाभळी ओलांडल्या आणि नाली जिथं संपली तिथं बाबूलाल शेठच्या राइस मिलची मागची भिंत होती. भिंतीमागं इंजिन धडधडत होतं. भिंतीच्या भोकातून एक काळा ओघळ खाली एका गड्ड्यात. गळका डिझेलचा ड्रम, शेठच्या दोन ट्रकांचं बदललेलं ऑइल, इंजिन पुसलेल्या चिंध्या, सगळं त्याच गड्ड्यात. गड्डा भरला की नालीत. नाली भरली की पंचफुलाच्या बांधीत.

बाईंनी काडीनं एक चिंधी वर काढली. पंचफुलानं ती हातात घेतली, पदराला पुसली आणि हिरवी किनार पाहून बसलीच.

"बाई! हे तं माहंच लुगडं होय! नवरा गेला त्या सालचं. फाटलं म्हणून मिलात देलतं, इंजिन पुसाले!"

"सहा वर्षं?"

"सहा सालं झाली. पाहा न, किनार बी तशीच हाय!"

सत्यभामाबाई मिलच्या भिंतीशी उभ्या राहून मोठ्यानं हसल्या. हसू ओसरलं तेव्हा म्हणाल्या, "पंचफुलाबाई, माईचं मूळ पीठ सापडलं. पण आत्ता बोलायचं नाही. आपण दोघी ओरडलो तर लोक म्हणतील, एकीनं देव सोडला, दुसरीनं लाज. महाराजांनाच बोलू द्यायचं."

पुढच्या शनिवारी त्या एसटीनं भंडाऱ्याला गेल्या, पिशवीत दोन्ही बांध्यांची माती घेऊन. तिथल्या माती तपासणाऱ्या साहेबांना रजिस्टर शोधायला तीन तास लागले आणि बाईंना नीट समजावून सांगायला दहा मिनिटं. रविवारी बाई थेट महाराजांच्या दरबारात. महाराज खाटेवर, सरपंच सतरंजीवर, शेठ सतरंजीच्या कडेला.

"महाराज, काही नास्तिक म्हणतात लंगोटाचं कापडच वेगळं होतं," बाई हात जोडून म्हणाल्या.

"कोण म्हणते? सामने लाओ!"

"म्हणतात. लोकांच्या तोंडाला काय हात लावणार? म्हणून म्हटलं, आपली एक वापरलेली छाटी प्रसाद म्हणून द्यावी. तिचे तुकडे करून गाडू. आपल्या अंगावरचं वस्त्र, त्यावर कोण शंका घेणार?"

स्तुती ही एक अशी दलदल आहे की तीत मोठमोठे बैल रुततात. महाराजांनी खुंटीवरची भगवी छाटी काढून दिली. "एक तुकडा माईच्या बांधीत! एक दुसऱ्या कोणाच्या बांधीत! माईचा अक्षय राहील, दुसऱ्याचा सडेल. ये हमारा वचन है!"

"दुसरा खुशालच्या बांधीत पुरू," बाई म्हणाल्या. "त्यानं माईची माती नेली नाही."

"बरोबर! पाप्याच्या शेतात सडलाच पाहिजे!"

"आणि तिसरा तुकडा उरतो," बाई सहज म्हणाल्या. "बाबूलाल शेठनी माईसाठी एवढं केलं. लोकांना आणायला ट्रक दिला. तिसऱ्याचा मान त्यांना मिळावा. मिलच्या मागं, ती ओली जागा आहे ना, तिथं पुरू."

शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "उधर कायको? तिथं घाण आहे."

"कसली घाण, शेठ?" बाईंनी विचारलं.

घाण कसली ते सांगायचं, तर ती जाते कुठं तेही सांगावं लागलं असतं. यादोराव बिचारे भोळेपणानं म्हणाले, "घ्या न शेठ, मान भेटून राहिला तं! कायले लाजता?" महाराजांनी शेठकडे पाहिलं, शेठनी महाराजांकडे. आणि दोघांनीही एकाच वेळी छताकडे.

त्याच संध्याकाळी दहा जणांच्या देखत तीन तुकडे, तीन जागी, सारख्याच हातभर खोल पुरले गेले. प्रत्येकावर बांबूची खुंटी आणि खुंटीला सरपंचांच्या सहीचा कागद. पाऊस लागला होता, त्यामुळे कमंडलूला सुट्टी.

मग पऱ्ह्यांना रंग चढू लागला. हिरवा नव्हे, पिवळा. आधी टोकं, मग पानं. ज्यानं एक टोपलं टाकलं त्याचे कोपऱ्यातले, ज्यानं चार टाकली त्याचे निम्मे. सरपंचांनी गाडीभर माती टाकली होती, त्यांचे सगळेच. भक्तीचं एवढं अचूक मोजमाप यापूर्वी कोणत्याही संस्थानात झालं नसेल.

लोक महाराजांकडे धावले. महाराज म्हणाले, "पिवळा रंग कशाचा असतो? सोन्याचा! माई तुमचं धान सोन्याचं करून राहिली!"

"पर महाराज, मरून राहिलं जी ते."

"देह मरतो. धान अमर आहे!"

संध्याकाळी सगळ्यांचे पाय खुशालच्या बांधीकडे वळले. तिथं पऱ्हे हिरवेगार, वाऱ्यावर डोलत. खुशाल धुऱ्यावर आडवा पडून तंबाखू चोळत होता.

"खुशालभाऊ, काय टाकलं होतं?"

"काहीच नाही टाकलं बे. तेच टाकलं."

जिवतीचा दिवस उजाडला. पुन्हा तीच गर्दी, पण तिचा आवाज बदलला होता. मंडपात टेबल, टेबलावर स्टँपपेपर आणि शाईचं पॅड. पंचफुला टेबलाशी उभी होती. पावसात भिजलेली, ओठ मिटलेले. यादोरावांनी घसा साफ केला.

"आधी तुकडे काढू सरपंच," सत्यभामाबाई म्हणाल्या. "महाराजांचं वचन आहे. माईचं माहात्म्य सिद्ध झालं की मग अंगठा."

"हाव हाव, तुकडे पाहू!" गर्दी ओरडली. पऱ्हे मेलेल्या माणसांना काहीतरी पाहायचंच होतं.

पहिला निघाला खुशालच्या बांधीतला. निघाला म्हणजे काय, निघण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. चार भगवे दोरे, एक चिखलाचा गोळा आणि त्यात वळवळणारं एक गांडूळ.

"देखा!" महाराज गरजले. "पाप्याच्या मातीत सडलं!"

"पण छाटी तर आपली होती," बाई म्हणाल्या.

महाराजांनी ते ऐकलं नाही. दुसरा निघाला माईच्या बांधीतला. काळपट, तेलकट, पण अख्खा. जयजयकार झाला, मागच्या निम्म्या जोराचा. महाराजांनी तो कपाळाला लावला आणि कपाळावर काळा पट्टा उमटला.

"आता तिसरा," बाई म्हणाल्या. सगळी गर्दी नालीच्या काठानं मिलमागं गेली. खुंटी उपटली, फावडं मारलं. तिसरा तुकडाही अख्खा. माईच्या तुकड्यापेक्षा जास्तच अख्खा. शिलाईसुद्धा उसवली नव्हती.

मिलचं इंजिन तेवढं धडधडत होतं. मग खुशालनं तंबाखू थुंकली.

"बाबूलालभाऊ, म्हंजे माई तुह्या मिलच्या मांगं बी बसते का? मले माफ कर बाप्पा. मी तं चार सालांपासून तिथीच मुताले येतो!"

असा हशा चिचबोडीत कधी झाला नव्हता. मोहाच्या झाडावरच्या भक्तांनी मिलच्या भिंतीवर बैठक मारली होती. त्यांतला एक हसता हसता खाली पडला.

पंचफुला पुढे झाली. कमरेला खोचलेली हिरव्या किनारीची चिंधी तिनं सरपंचांच्या तोंडापुढं धरली. "आन हे पाहा! माहं लुगडं होय. सहा सालं झाली या गड्ड्यात. हे बी अक्षय! माहं लुगडं देवी झालं का मंग? पुजा माह्या लुगड्याले!"

"बाई, पर हे काय होय?" सरपंचांनी सत्यभामाबाईंना विचारलं. आवाजात अध्यक्षपण उरलं नव्हतं.

बाईंनी भिंतीच्या भोकातून येणाऱ्या काळ्या ओघळाकडे बोट दाखवलं. "हे इंजिनचं ऑइल आणि डिझेल. गड्ड्यातून नालीत, नालीतून पंचफुलाबाईंच्या बांधीत. सात रंगांचं लुगडं म्हणून तुम्ही नमस्कार केला ना, ते पाण्यावर पसरलेलं तेल होतं."

"ते समजलं. पर सडत काहून नाही?"

"सडवतं कोण, सांगा?"

"कोण म्हंजे? आपोआप सडते."

"आपोआप काही होत नाही. मूठभर चांगल्या मातीत इतके बारीक जीव असतात की आपल्या सगळ्या जिल्ह्यात तेवढी माणसं नाहीत. डोळ्यांना दिसत नाहीत. पान, शेण, तणस, छाटी, जे पडेल ते खातात. त्यांनी खाऊन पचवलं की त्यातलं नत्र आणि बाकीचं पोषण मातीत मोकळं होतं, आणि ते मग धान उचलतं. हे धानाचे स्वयंपाकी समजा."

"मंग तेलानं काय झालं?"

"तेलानं मातीचा कण न् कण माखला. हवा आत जात नाही, पाणी मुरत नाही. बरेचसे स्वयंपाकी गुदमरून मेले. काही थोडे असे असतात की त्यांना तेलच खाता येतं. पण नुसत्या तेलात नत्र नसतं. म्हणून ते मातीतलं होतं नव्हतं तेवढं नत्र स्वतःच ओढून घेतात. धान उपाशी. चार पोती युरिया टाकला असता तरी तो धानाच्या तोंडी नीट लागला नसता. पंचफुलाबाईंचं शेण तसंच राहिलं ते याच्यामुळं."

"आन आमचे पऱ्हे?"

"त्यात तुम्ही स्वतःच्या हातानं टोपल्याटोपल्यानं हे विष नेऊन टाकलं. आणि वर नारळ फोडला."

लोकांच्या माना हळूहळू वळल्या. आधी महाराजांकडे, मग शेठकडे. महाराजांना हिमालयाची अचानक आठवण झाली असावी, कारण ते दोन पावलं मागं सरले. पाठीशी मिलची भिंत होती.

"हमको क्या मालूम?" महाराज म्हणाले. "बाबूलालभाईने बुलाया था! बोला, बाई तेल-तेल करके चिल्लाती है, एक दिवस पंचायतीत खटला होईल. काही तरी करा!"

"झूट!" शेठ किंचाळले. "तूच बोलला न मले! 'मी गोंदियाच्या मिलमध्ये इंजिनवर होतो, तिथल्या गड्ड्यात चिंध्या वर्षानुवर्षं सडत नाहीत, मी त्याचा देव करून दाखवतो!' तूच बोलला!"

म्हणजे हिमालयातली बारा वर्षं ती हीच. तप इंजिनापुढं झालं होतं, आणि काळ्या हातांचा गडी गोऱ्या पायांचा महाराज होऊन आला होता. एवढंच ज्ञान त्याला होतं, की तेलाच्या गड्ड्यात चिंधी कुजत नाही. का कुजत नाही हे त्यानं कधी विचारलं नाही. त्यानंही नाही आणि त्याच्या पाया पडणाऱ्या आम्हीही नाही. तेवढ्यापुरते गुरू आणि शिष्य एकाच इयत्तेत होते.

महाराज त्या दिवशी कसे गेले याविषयी दोन मतं आहेत. काही म्हणतात धावत, काही म्हणतात पळत. छाटीचे दोन तुकडे मागं राहिले.

यादोरावांनी टेबलावरचा स्टँपपेपर हळूच खिशात घालायला घेतला. पंचफुलानं तो वरच्या वर उचलला.

"थांबा जी. याले असा नाही ठेवाचा." तिनं कागदाची घडी घातली आणि खुशालच्या हातात दिली. "खुशालभाऊ, तुह्या बांधीत हातभर खोल गाड. चाळीस दिवसानं पाहू, माई याले काय करते ते."

माईनं काय केलं ते सांगायला नको. खुशालच्या बांधीत गांडुळं भरपूर होती.

पंचायतीनं शेठकडून मिलमागं सिमेंटचं पक्कं टाकं बांधून घेतलं आणि नालीचं तोंड वळवलं. शेठ पुन्हा उद्धट झाले, म्हणजे गावाचं सगळं सुरळीत झालं. यादोराव आजही कुठल्या ना कुठल्या गोष्टीचे अध्यक्ष आहेत. अक्षय असं त्या सगळ्या प्रकरणात तेवढंच निघालं. त्या वर्षीची रोवणी खुशालच्या पऱ्ह्यांवर निभावली. खुशालनं सगळ्यांना पऱ्हे दिले, पण ते उपटून न्यायचं काम ज्याचं त्यानं करायचं या अटीवर.

बांधीचं काम मात्र चटकन होणारं नव्हतं. पंचफुलानं वरची काळी माती खरवडून टाक्याशेजारी टाकली. उन्हाळ्यात बांधी खोल नांगरून उघडी ठेवली, हवा खायला. लहान्या बांधीतली जिवंत माती, शेण, तणस, पुन्हा शेण. तेल खाणारे जीवसुद्धा मातीतच असतात, त्यांना हवा आणि सोबतीला शेण दिलं तर ते तेलाचा निकाल लावतात, पण आपल्या सवडीनं, असं भंडाऱ्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. म्हणून दर पावसाळ्यात ती सुती कापडाचा एक तुकडा बांधीत पुरायची आणि चाळीस दिवसांनी काढायची. पहिल्या साली तुकडा अख्खा. दुसऱ्या साली कडा विरलेल्या. दोन्ही वेळा तो घेऊन ती शाळेत आली आणि बाईंना दाखवून परत गेली.

तिसऱ्या साली ती भर तासाला वर्गाच्या दारात उभी राहिली. हातात एक चिंधी. चिंधी कसली, जाळीच. उजेडात धरली तर पलीकडचा फळा दिसत होता.

"बाई! सडलं!" पंचफुला म्हणाली. डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "माह्या बांधीत सडलं!"

सत्यभामाबाईंनी ती चिंधी फळ्यावर खिळ्यानं टांगली. पुढं चार वर्षं ती तिथंच होती, आणि त्या वर्गातल्या पोरांपैकी 'सजीव सृष्टीचा उपयोग' हा धडा कोणाला पाठ करावा लागला नाही. त्या दिवाळीला मोठ्या बांधीत धान लोंबलं. चिचबोडीत त्याला कोणी चमत्कार म्हणालं नाही, ही त्यातली खरी प्रगती.

तेव्हा वाचकहो, एवढंच सांगणं आहे. कुठं काही न सडणारं, न विझणारं, न संपणारं निघालं आणि त्यापुढं गर्दी हात जोडून उभी दिसली, तर तुम्ही हात जोडायची घाई करू नका. त्या नालीच्या काठाकाठानं वर चालत जा आणि ते पाणी येतं कुठून, एवढं पाहून या. वाटेत वास आला तर त्याला वासच म्हणा. आणि शेतात ज्या बाईनं शेण टाकलंय, तिला आधी विचारा.